तांबड्या टेकडीचा ताळा

पेट्रोल पंपावर सकाळचं पहिलं काम असतं डिप घेण्याचं. आकडे कोरलेली लांब काठी जमिनीखालच्या टाकीत तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढायची, कुठवर भिजली ते वाचायचं आणि तक्त्यात बघून तेवढे लिटर वहीत मांडायचे. काठीच्या टोकाला मलम चोपडलेलं असतं. तळाशी पाणी साचलं असेल तर त्याचा रंग पालटतो. कालचा साठा, त्यातून विक्री वजा, आजचा डिप. ताळा जुळला की दिवस सुरू. थोडा फरक निघालाच तर त्याचंही उत्तर तयार असतं: ऊन फार होतं, उडालं असेल.

'उडालं असेल' हे दोन शब्द वाटतात तितके साधे नाहीत. हवाई बेटांवरच्या एका टेकडीचा ऐंशी वर्षांचा इतिहास वाचताना ते वेगवेगळ्या वेशात मला पुन्हा पुन्हा भेटत राहिले. तिथेही मोजपट्ट्या होत्या, वह्या होत्या, गजर होते, निरीक्षण विहिरी होत्या. आकडे बहुतेक वेळा खरं बोलत होते. ते ऐकणाऱ्याकडे मात्र दरवेळी दुसरं काहीतरी कारण तयार असायचं.

ही टेकडी ओआहू बेटावर आहे, होनोलुलू शहराच्या पश्चिमेला, मोआनालुआ आणि हालावा या दोन खोऱ्यांच्या मधोमध. तिचं मूळचं नाव कापुकाकी. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तिला रेड हिल, म्हणजे तांबडी टेकडी, म्हणायला सुरुवात केली आणि तेच नकाशावर राहिलं. पर्ल हार्बरचं बंदर तिथून जेमतेम चार किलोमीटर.

१९४० साली अमेरिकी नौदलाचं तेल या बंदरापाशी जमिनीवरच्या टाक्यांत उघड्यावर होतं. शत्रूच्या वैमानिकाला नुसत्या डोळ्यांनी दिसावं असं. नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख अॅडमिरल बेन मोरील यांनी ते डोंगरात लपवायचं ठरवलं. पहिला बेत चार आडव्या, बोगद्यासारख्या टाक्यांचा होता. सल्ल्याला बोलावलेल्या जेम्स ग्राउडेन या इंजिनिअरने तो पालटला. टाक्या आडव्या कशाला, उभ्या करा, म्हणाला. त्यातली खुबी सोपी होती. आधी मधोमध एक अरुंद विहीर खाली भुयारापर्यंत पाडायची. मग वरून कडेकडेने खणत आलं की दगडगोटे आपल्याच वजनाने त्या विहिरीतून खाली पडतात आणि भुयारातला पट्टा ते बाहेर वाहून नेतो. उचलायचं काहीच नाही. खडक फोडायला माणसं आणि सुरुंग, वाहायला गुरुत्वाकर्षण.

२६ डिसेंबर १९४० रोजी काम सुरू झालं. वर्ष पुरं व्हायच्या आत, ७ डिसेंबर १९४१ ला, जपानी विमानं आली. जहाजं बुडाली, माणसं मेली, पण बंदराकाठच्या उघड्या टाक्यांवर बाँब पडले नाहीत. ते तेल गेलं असतं तर युद्ध आणखी दोन वर्षं लांबलं असतं, असं हल्ल्यानंतर पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख झालेले अॅडमिरल निमिट्झ पुढे म्हणत. मग टेकडीतल्या कामाला जो वेग आला तो विचारू नका. १९४३ मध्ये ते पुरं झालं. ओळीने वीस टाक्या. प्रत्येकीची उंची २५० फूट, व्यास १०० फूट. एकीच्या आत वीसमजली इमारत उभी राहील. एकीत सव्वा कोटी गॅलन, म्हणजे पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास तेल. आपल्याकडचे वीस हजार लिटरचे टँकर रिकामे करत गेलं तर एक टाकी भरायला तेवीसशेहून अधिक लागतील. तेल टेकडीवरून बंदराकडे आपसूक उतरे. वीज गेली तरी जहाज भरता येई. १९९५ साली अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने या बांधकामाला ऐतिहासिक वारशाचा मान दिला. तो योग्यच होता, हे म्हणायला मला संकोच नाही. युद्धाची घाई आणि त्या काळातली यंत्रं लक्षात घेतली तर हे कर्तृत्व थक्क करणारं आहे.

पण त्या कर्तृत्वाच्या आतच दोष बसलेला होता. टाकीची भिंत म्हणजे पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा, त्याच्या मागे काँक्रीट, आणि काँक्रीटमागे डोंगर. पत्र्याची आतली बाजू टाकी रिकामी करून, मचाण बांधून तपासता येते. मागची बाजू बघायचा मार्गच नाही. डोंगरातला ओलावा काँक्रीटमधून झिरपत पत्र्याच्या पाठीला लागतो आणि गंज तिकडून चढत येतो. पंपावरची टाकी बिघडली तर खणून काढता येते. ही टाकी कुठून काढणार? ती डोंगराच्याच पोटात ओतलेली.

आणि टाक्यांच्या तळापासून सुमारे शंभर फूट खाली पाणी आहे.

हवाईच्या भाषेत पाण्याला 'वाई' म्हणतात. मराठी माणसाला कृष्णाकाठ आठवावा असाच हा शब्द. त्याची द्विरुक्ती केली, 'वाईवाई', की अर्थ होतो संपत्ती. ओआहूवर ही संपत्ती जमिनीखाली आहे. डोंगरांवर पडलेला पाऊस सच्छिद्र खडकातून झिरपत खाली जातो आणि तिथे खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं, असा हिशेब आहे. पावसाच्या थेंबाला या थरापर्यंत पोचायला पंचवीसेक वर्षं लागतात, असं होनोलुलूचं पाणीपुरवठा मंडळ सांगतं. बेटाच्या पिण्याच्या पाण्याला दुसरा मोठा आधार नाही. म्हणूनच १९८७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दक्षिण ओआहूच्या या साठ्याला 'एकमेव जलस्रोत' असा दर्जा दिला.

खडक कोणता, तर आपलाच. काळा बसाल्ट. महाराष्ट्राची बहुतेक भूमी ज्या लाव्हाच्या थरांनी घडली, त्याच जातीचा. आपल्याकडे भूशास्त्र शिकणारी मुलं सह्याद्रीतल्या थरांचं वर्णन करताना 'पाहोएहोए' आणि 'आआ' हे दोन शब्द वापरतात, ते हवाईचेच: गुळगुळीत दोरखंडासारखा वळलेला लाव्हा तो पाहोएहोए, खडबडीत ढेकळांचा तो आआ. फरक वयाचा. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, मुरलेला, फटी बऱ्याच ठिकाणी बुजलेला. तिथला त्या मानाने तरणा, भोकाभोकांचा, थरांमध्ये सैल खडी असलेला आणि क्वचित आतला लाव्हा वाहून गेल्याने पोकळ नळ्या राहिलेला. आपल्याकडे एका विहिरीला धो धो पाणी आणि वीस हातांवरची कोरडी ठणठणीत, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. अशा खडकात सांडलेलं तेल कुठून कुठे जाईल, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

निरीक्षण विहिरीची मर्यादा नेमकी इथे आहे. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी घेते. पातळी बऱ्याच अंतरापर्यंत सारखी बोलते. एका विहिरीवरून आजूबाजूचा अंदाज बांधता येतो. प्रदूषणाचं तसं नसतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. ते आधी खडकाच्या फटींत अडकतं, थोडं वाफेच्या रूपाने तिथेच राहतं, उरलेलं खाली जाऊन पाण्यावर तवंगासारखं पसरतं आणि त्यातला काही अंश विरघळून पाण्याबरोबर चालू लागतो. हा विरघळलेला पट्टा अरुंद असू शकतो. विहीर त्या पट्ट्यात सापडली तर नमुन्यात तेल दिसतं. दहा पावलं बाजूला असेल तर नमुना स्वच्छ, आणि स्वच्छ नमुन्याचा कागद हातात घेऊन माणूस निश्चिंत.

रेड हिलखाली तेल झिरपल्याच्या खुणा विसाव्या शतकाच्या अखेरीस टाक्यांच्या बुडाशी पाडलेल्या छिद्रांत मिळाल्या. मग खालच्या भुयारातच निरीक्षण विहिरी खणल्या गेल्या, टाक्यांखालच्या खडकातली वाफ नळीने ओढून मोजली जाऊ लागली. भुयारातल्या काही विहिरींत डिझेलच्या जातीची द्रव्यं पुन्हा पुन्हा सापडत. बाहेरच्या विहिरी बहुतेक वेळा स्वच्छ निघत. नौदल म्हणे, जे आहे ते टाक्यांखालीच आहे, पिण्याच्या पाण्याला धोका नाही. पाणीपुरवठा मंडळ म्हणे, तुमच्या विहिरी थोड्या आणि पाण्याचा उतार इंचांत मोजावा इतका सपाट. पाणी बंदराकडे वाहतं की हालावाकडे, हेच तुम्हाला ठरवता आलेलं नाही. हा वाद वर्षानुवर्षं चालला.

मधल्या काळात कायदा कुठे होता? ही कहाणी तशी गमतीदार आहे. अमेरिकेत गावोगावच्या पंपांखालच्या, लेप नसलेल्या पोलादी टाक्या गंजून विहिरी नासू लागल्यावर १९८४ साली तिथल्या संसदेने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. १९८८ ला नियम आले: गळती कशी ओळखणार ते दाखवा, टाकीला गंजापासून संरक्षण द्या, १९९८ च्या डिसेंबरपर्यंत सुधारा नाहीतर बंद करा. हजारो छोटे पंपवाले या नियमांच्या खर्चाने बुडाले. पण जागेवरच बांधलेल्या प्रचंड टाक्यांना यातल्या बऱ्याच अटींतून तूर्तास सूट मिळाली, कारण एवढ्या मोठ्या टाकीची गळती मोजायचं तंत्र हाताशी नाही. ती 'तूर्तास' २०१५ पर्यंत चालली. कोपऱ्यावरच्या पंपाने दर महिन्याला ताळा द्यायचा आणि पंचवीस कोटी गॅलनच्या डोंगराने नाही.

जानेवारी २०१४. पाच नंबरची टाकी तीन वर्षं रिकामी ठेवून दुरुस्त केली होती. ती भरताना पातळी उतरत असल्याचा गजर वाजला. चालकांना वाटलं, मोजणारं यंत्र बिघडलं असेल. गजर पुन्हा वाजला. अखेर नौदलाने कळवलं, तेव्हा सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे लाखभर लिटर, विमानाचं इंधन डोंगरात गेलेलं होतं. जोडकामात राहिलेली भोकं आणि ती न पाहता मारलेली 'ठीक' अशी खूण, हे कारण. टाकी जुनी म्हणून गळली नाही, नव्याने दुरुस्त केली म्हणून गळली.

त्यानंतर २०१५ च्या सप्टेंबरमध्ये नौदल, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि हवाईचं आरोग्य खातं यांच्यात करार झाला. टाक्या सुधारण्यासाठी नौदलाला मुदत मिळाली बावीस वर्षं. बावीस! आणि २०१८ मध्ये नौदलानेच नेमलेल्या सल्लागारांनी धोक्याचं गणित मांडून दिलं: कोणत्याही एका वर्षात १,००० ते ३०,००० गॅलन एकदम सांडण्याची शक्यता २७.६ टक्के. शिवाय कोणाच्या लक्षातही न येता झिरपणारं तेल, सरासरीने वर्षाला ५,८०३ गॅलन. शेवटचा तीनही मोजून लिहिलेला. एवढा नेमका आकडा कागदावर आला की माणसाला बहुधा वाटतं, आता हे प्रकरण ताब्यात आहे.

६ मे २०२१ च्या संध्याकाळी वीस नंबरच्या टाकीशी तेल फिरवताना चुकीच्या क्रमाने व्हॉल्व्ह उघडले गेले. नळात दाबाची उसळी आली आणि जोड फाटला. जमिनीवर तेल पसरलं. नौदलाने पुढे हिशेब दिला: सांडलं १,६१८ गॅलन, भरून घेतलं १,५८०, ताळा लागत नाही तो ३८ गॅलनचा. टाकीतली पातळी मात्र वेगळंच सांगत होती. तिथे सुमारे वीस हजार गॅलनची तूट दिसत होती. ती दिसली, बोलली गेली आणि नळांतल्या रिकाम्या जागा भरण्यात गेलं असेल म्हणून सोडून दिली गेली. उडालं असेल, तसंच.

ते उडालं नव्हतं. आग लागली तर फवारलेला फेस वाहून न्यायला भुयाराच्या छताजवळून प्लॅस्टिकचा एक नळ गेलेला होता. सांडलेलं तेल त्याच्या वाटेने आत शिरलं आणि तिथेच थांबलं. पोलादी नळ तेवढं वजन कदाचित पेलता. प्लॅस्टिकचा हळूहळू खाली झुकला. सहा महिने त्याच भुयारातून माणसं आणि छोटी रेल्वेगाडी जात-येत होती, आणि पंच्याहत्तर हजार लिटर तेल त्यांच्या डोक्यावर लोंबकळत होतं.

२० नोव्हेंबरला गाडीचा धक्का त्या झुकलेल्या नळाच्या व्हॉल्व्हला लागला. तो तुटला आणि तेल धो धो वाहू लागलं. ते पुरतं थांबायला दीड दिवस लागला. नौदल म्हणालं, तेलमिश्रित पाणी आहे, आवरलं आहे, पर्यावरणात गेल्याची चिन्हं नाहीत. पण जवळच, त्याच टेकडीत, नौदलाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. युद्धकाळात तेल आणि पाणी दोन्ही एकाच डोंगरात, एकाच सुरक्षित छपराखाली ठेवायचं ठरलं होतं. जमिनीतल्या निचऱ्याच्या वाटेने तेल पाण्यात उतरलं.

हे सगळ्यात आधी कळलं ते कुठल्या निरीक्षण विहिरीला नाही. कळलं नाकाला. थँक्सगिव्हिंगची सुटी होती, घराघरांत स्वयंपाक चालला होता, आणि नौदलाच्या वसाहतींत नळाच्या पाण्याला तेलाचा वास येऊ लागला. जहाजांवरच्या विमानांचं हे इंधन म्हणजे रॉकेलचंच भावंड. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या पिढीला तो वास वेगळा सांगायला नको. हंड्याजवळ रॉकेलचा एक थेंब सांडला तरी आजी सगळा हंडा ओतून टाकायची. इथे पाण्यावर तवंग दिसत होता. मुलांच्या अंगावर पुरळ उठत होतं, पोटं बिघडत होती, पाळीव कुत्र्या-मांजरांना उलट्या होत होत्या. २८ नोव्हेंबरला नौदलाने ती विहीर गुपचूप बंद केली. दुसऱ्याच दिवशी तळाच्या प्रमुखांनी रहिवाशांना लिहिलं की पाणी असुरक्षित असल्याची लगेच दिसावीत अशी चिन्हं नाहीत, मी आणि माझे सहकारी तेच पितो आहोत. पुढे त्यांना माफी मागावी लागली.

या जाळ्यावर सुमारे ९३,००० माणसं अवलंबून होती. हजारो कुटुंबं महिनोन् महिने हॉटेलांत राहिली. सहा हजारांच्या आसपास लोकांनी उपचार घेतले. ५ डिसेंबरला विहिरीतून घेतलेल्या नमुन्यात डिझेलच्या जातीची द्रव्यं राज्याच्या मर्यादेच्या साडेतीनशे पट निघाली. आता आकडाच एवढा मोठा होता की त्याला दुसरं कारण जोडता येईना.

होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाचे प्रमुख इंजिनिअर अर्नेस्ट लाऊ. रेड हिलबद्दल वर्षानुवर्षं इशारे देणारे हे गृहस्थ मृदू बोलणारे, पण हटायचे नाहीत. त्यांच्या हालावा विहिरीत तेल आलेलं नव्हतं. तरी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती बंद केली. शहराच्या मध्यवर्ती भागाचं पाचवा हिस्सा पाणी ती एकटी देत होती. पण दोन विहिरींच्या मधे तोच भोकाभोकांचा खडक. उपसा चालू ठेवला तर तेलाला आपणच आपल्याकडे ओढून घेऊ, असा त्यांचा हिशेब. या सगळ्या कहाणीत न घडलेल्या गोष्टीवर वेळेत पाऊल उचलणारं कोणी असेल तर हे मंडळ. त्याची किंमत शहराने पाणी जपून वापरून भरली.

६ डिसेंबरला राज्याच्या आरोग्य खात्याने टाक्या रिकाम्या करण्याचा आणीबाणीचा आदेश काढला. नौदलाने आधी तो लढवला. रस्त्यावर मूळचे हवाईवासी होते, पर्यावरणवाले होते, आणि ज्यांच्या नवऱ्यांची नोकरी नौदलात अशा बायकाही होत्या. हे शेवटचं वजन वॉशिंग्टनला जड गेलं असावं, असा माझा कयास. ७ मार्च २०२२ रोजी संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी रेड हिल कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या चौकशीत मे आणि नोव्हेंबर एका धाग्यात जोडले गेले, चुकांची लांबलचक यादी निघाली, आणि निवृत्त झालेल्या तीन अॅडमिरलांना ठपक्याची पत्रं गेली. पंचवीस कोटी गॅलनच्या डोंगराचा कोणी एक मालक नव्हता. प्रत्येकाकडे एकेक व्हॉल्व्ह आणि एकेक वही होती.

तेल काढायलाही दीड वर्ष तयारी लागली, कारण जे नळ दुबळे म्हणून टाक्या बंद करायच्या, त्याच नळांतून ते उतरवायचं होतं. १६ ऑक्टोबर २०२३ ला उतरवणं सुरू झालं आणि वर्ष संपायच्या आत १० कोटी ४० लाख गॅलन बाहेर पडलं. तेही १९४३ सारखंच, आपल्याच वजनाने, उतारावरून बंदराकडे. मधे, २९ नोव्हेंबर २०२२ ला, आग विझवायच्या फेसाचं हजाराहून अधिक गॅलन रसायन त्याच टेकडीवर सांडलं. त्यातली काही द्रव्यं निसर्गात जवळपास विघटनच पावत नाहीत. तेलासाठी नमुने घेणाऱ्यांच्या यादीत त्यांचीही भर पडली. मे २०२५ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी पहिल्या सतरा फिर्यादींना मिळून सहा लाख ऐंशी हजार डॉलरहून अधिक भरपाई दिली. फिर्यादी मात्र हजारो आहेत.

टाक्या रिकाम्या झाल्या, पण डोंगर रिकामा झाला नाही. खडकाच्या फटींत किती तेल अडकून आहे, ते विहिरींनाच विचारावं लागतं. नौदलाच्या जुन्या विहिरीतून दिवसाला काही दशलक्ष गॅलन पाणी उपसून, कोळशाच्या गाळण्यांतून काढून हालावा ओढ्यात सोडलं गेलं, तेलाने दुसरीकडे वळू नये म्हणून. नौदलाने नव्या निरीक्षण विहिरी खणल्या. पाणीपुरवठा मंडळाने त्यांच्या आकड्यांवर विसंबून न राहता टेकडी आणि हालावा यांच्या दरम्यान स्वतःच्या वेगळ्या विहिरी खणायला घेतल्या, स्वतःच्या खर्चाने. एकाच खडकात आता दोन वह्या भरल्या जातात. हालावा विहीर बंदच आहे. आणि भुयारातला व्हॉल्व्ह तुटला त्या २०२१ च्या हिवाळ्यात कापुकाकीच्या माथ्यावर जो पाऊस पडला, तो मंडळाच्या हिशेबाने खालच्या पाण्याला मिळेल २०४६ च्या सुमारास.